आधी खऱ्या मशीनवर दाखवा

माझी आई अखेरपर्यंत लोकांना सांगायची, "आमची विजया दवाखान्यात असते." ऐकणारा आधी दचकायचा. मग आई घाईनं सावरून घ्यायची, "आजारी नाही हो, नोकरीला." नर्स का? नाही. डॉक्टर? नाही. मग करते काय? इथं आईची गाडी अडायची. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरात तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषा चालायच्या, पण माझ्या कामाला दोन्हीत शब्द नव्हता.

मी शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळायची. हॉस्पिटलात आलेल्या माणसाचं नाव, रक्तगट, तपासण्या, औषधं, कुठल्या गोळीची अॅलर्जी आहे, मागच्या वेळी काय झालं होतं, हे सगळं एका अवाढव्य सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलं असतं. एकाच वेळी शेकडो माणसं त्यात काही लिहीत असतात, काही वाचत असतात. कुणाचं लिहिलेलं कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही आणि एकदा लिहिलेलं हरवू द्यायचं नाही, हे माझं काम. काम नीट चाललं असेल तर तुम्ही आहात हे कुणाला कळतही नाही. एक सर्जन "तुमचा सर्व्हर मेला!" असं ओरडत आमच्या खोलीत आले होते, तर त्यांच्याच कीबोर्डवर चहा सांडला होता. आयसीयूच्या सिस्टर फोन करायच्या, "विजयाताई, तुमचा डाटा झोपलाय बघा." मी त्याला उठवून बसवायची.

या नोकरीनं मला पगार दिला, जुळे सोलापूर या वस्तीत फ्लॅट दिला आणि एक भीती दिली. फोनची रिंग वाजली की मी आधी घड्याळ बघते. निवृत्त होऊनही ती सवय गेलेली नाही. भाचीच्या लग्नाचं बोलावणं करायला कुणी फोन केला तरी आधी तोंडून येतं, "काय बंद पडलं?" त्या भीतीचं मूळ एका एप्रिल महिन्यातल्या दिवसात आहे. तोच सांगते.

त्याआधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते सांगायला हवं. माझे वडील मागावर टॉवेल विणायचे. जुन्या कारखान्यात एक मोठी मोटार असायची. छताखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून उतरलेल्या पट्ट्यांवर चार-पाच माग चालायचे. प्रत्येक मागावर वेगळं कापड, वेगळी नक्षी, पण मोटार एक. व्हर्च्युअल मशीनचं तसंच आहे. एका दणकट सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक मशीन तयार करतात. प्रत्येकीला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क असल्यासारखं वाटतं. मागाला पट्टा दिसतो तरी. या मशीनला आपण कुणाच्या जिवावर फिरतोय याचा पत्ताच नसतो.

आमच्याकडच्या जुन्या मशीन म्हाताऱ्या झाल्या होत्या. वीज खायच्या, एसीला दमवायच्या, सुटे भाग मिळायचे नाहीत. म्हणून ट्रस्टनं ठरवलं की सगळं व्हर्च्युअलवर न्यायचं. हे काम इक्बालभाईंनी केलं. ते आमचे हार्डवेअर आणि नेटवर्कचे इंजिनिअर. माणूस हुशार, हाताला स्वच्छ, आणि बोलता बोलता दखनीत घसरणारा. त्यांनी एकेक करून सगळ्या मशीन नव्या सर्व्हरवर नेल्या. शेवटी डेटाबेसची पाळी आली आणि मी अडून बसले.

कारण डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीची एक अट होती. आम्ही दरवर्षी सपोर्टसाठी करार करायचो. म्हणजे काही बिघडलं की कंपनीचा इंजिनिअर फोनवर तुमच्या शेजारी उभा राहणार. पण डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवर असेल तर? कंपनीचं म्हणणं असं, की चालवा, आमची हरकत नाही. मात्र आम्हाला आधीपासून माहीत नसलेली काही अडचण आली, तर ती व्हर्च्युअल मशीनमुळे आलेली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. तोच डेटाबेस साध्या, लोखंडाच्या, खऱ्या मशीनवर उभा करायचा आणि तीच चूक तिथं घडवून दाखवायची. मग आम्ही हात घालू.

मीटिंगमध्ये ट्रस्टच्या सेक्रेटरींनी कंपनीच्या विक्रीवाल्या माणसाला विचारलं, "म्हणजे सपोर्ट आहे ना?"

"आहे ना सर."

मी म्हटलं, "घराला आग लागली की ती आधी दुसऱ्या घरात लावून दाखवायची, मग बंब येणार. असा आहे."

सगळे हसले. तो माणूसही हसला. "मॅडम फार घाबरतात," म्हणाला. ठराव पास झाला. डेटाबेस व्हर्च्युअलवर गेला आणि जुना सर्व्हर मोडक्या व्हीलचेअरच्या शेजारी स्टोअरमध्ये जाऊन पडला. भंगाराचा लिलाव व्हायचा होता. तो काही झाला नाही.

खरं सांगायचं तर बराच काळ काहीही बिघडलं नाही. उलट सगळं आधीपेक्षा जलद चालायचं. मी घाबरले होते याची मलाच थोडी लाज वाटायला लागली होती.

मग तो एप्रिल आला. सोलापूरचा एप्रिल काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. ट्रान्सफॉर्मरवर लोड आला, लाइट गेली आणि जनरेटर सुरू होताना अडखळला. सगळ्या मशीन एकदम बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. मी तपासलं, इक्बालभाईंनी तपासलं. सगळे दिवे हिरवे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी सकाळीच पॅथॉलॉजीतून फोन आला. एका पेशंटचा जुना रिपोर्ट उघडत नव्हता. मी माझ्या स्क्रीनवर तोच रिपोर्ट मागवला आणि समोर एक संदेश आला. त्याचा अर्थ असा, की हे पान खराब आहे.

डेटाबेसमधली माहिती पानांवर असते असं समजा. प्रत्येक पान लिहिताना त्यावर एक शिक्का बसतो. तो शिक्का त्या पानावरच्या मजकुरातूनच तयार होतो. पान वाचताना मजकूर आणि शिक्का जुळला नाही, तर डेटाबेस ते पान वाचायला नकार देतो. मी सगळी पानं तपासायला लावली. थोडी खराब निघाली. पुन्हा तपासलं. या वेळी आधीपेक्षा जास्त.

बंद पडलेली मशीन परवडते, कारण ती बंद आहे हे सगळ्यांना दिसतं. ही चालू होती. ओपीडीत केसपेपर निघत होते, वॉर्डात औषधं लिहिली जात होती आणि आतून पानं सडत चालली होती. अजून कुठली खराब होणार, कुणाची, हे मला कळायला मार्ग नव्हता.

"इक्बालभाई, डिस्क बघा."

"देखा मॅडम. सब हिरवा है. स्टोरेज बोलतंय मी ठीक आहे."

"मग हे काय?"

सगळ्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ज्या एकाच डब्यात होत्या, त्या स्टोरेजचा अहवाल त्यांनी पुन्हा उघडून बघितला. "खुदा जाने," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बिराजदार आत आल्या. त्या रक्तपेढीच्या प्रमुख. इतक्या वर्षांत त्या आमच्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी उठूनच उभी राहिले.

"विजयाताई, एक पेशंट आहे. पारूबाई. नातेपुत्याच्या पलीकडच्या. गर्भाशयात गाठी आहेत, रक्तस्राव थांबत नाही. रक्त द्यायचंय आणि मला त्यांची जुनी नोंद दिसत नाही. पान उघडतच नाही."

"ताजी तपासणी करून देता येत नाही का?"

"केली. पिशवी जुळली. त्याचीच तर भीती आहे." मला कळलं नाही हे पाहून त्या खुर्चीवर बसल्या. "काही माणसांना पूर्वी रक्त दिलेलं असतं. त्यातला एखादा घटक शरीराला मानवत नाही, मग शरीर त्याच्याविरुद्ध हत्यार तयार करतं. अँटीबॉडी म्हणतात त्याला. काही अँटीबॉडी कालांतरानं इतक्या कमी होतात की तपासणीत दिसतच नाहीत. पण पुन्हा तसलं रक्त चढलं, की शरीर ते ओळखतं आणि चढवलेलं रक्त आतल्या आत फोडून टाकतं. किडनी जाते. माणूसही जातो. मागच्या बाळंतपणात या बाईंना इथंच रक्त दिलं होतं आणि त्रास झाला होता, असं नवरा सांगतोय. कुठला घटक होता ते तुमच्या त्या पानात आहे. मला आठवत नाही, विजयाताई. इतक्या पेशंटांत कसं आठवणार?"

"पुन्हा तपासून कळणार नाही?"

"हत्यार लपलेलं असेल तर नाही. मी अजून थोडं थांबू शकते. फार नाही."

त्या गेल्या आणि मी कंपनीला फोन लावला. सगळ्यात वरच्या तातडीची तक्रार नोंदवली. पलीकडं एक तरुण इंजिनिअर आला. त्याचं नाव इथं मी सतीश ठेवते. इंग्रजीत, अगदी नम्रपणे त्यानं माहिती विचारली, मशीनचा अहवाल मागितला. तो पाठवताना एक विचार माझ्या मनात येऊन गेला, की खरी मशीन आहे असं ठोकून द्यावं. पण त्या अहवालात मशीन स्वतःच स्वतःची जात सांगते. थोड्या वेळानं त्यानं विचारलंच.

"मॅडम, हा डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवर आहे का?"

"हो. पण इथं एक बाई रक्तासाठी थांबली आहे."

"मला समजतंय, मॅडम. पण ही आमच्या माहितीतली अडचण नाही. तुम्ही आधी खऱ्या मशीनवर हीच चूक येते का ते दाखवा. तोपर्यंत मला पुढं जाता येणार नाही."

मी खूप बोलले. आवाज चढला. तो प्रत्येक वेळी तेच वाक्य त्याच नम्रपणे म्हणत राहिला. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला इक्बालभाईंनी फोन लावला होता. ते म्हणाले, आमच्या थरात एकही चूक नाही, डेटाबेसवाल्यांना विचारा.

मी पाण्यासाठी खोलीबाहेर आले, तर दाराशी एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात वॉर्डाचा पास. रक्तपेढीत कुणीतरी त्याला आमच्या खोलीकडं पाठवलं होतं.

"बाई, हितंच का ते मिशीन?"

"कुणाचे तुम्ही, मामा?"

"पारूचा मालक. बिरू. डाक्टरीनबाई म्हणल्या, मिशीन बंद पडलंय म्हनून रगात द्याया येत न्हाय. व्हय का?"

"बंद नाही पडलं, मामा. पण त्यातलं वाचता येत नाहीये."

"मागल्या टायमाला रगात लावलं तवा लई थंडी वाजून आली हुती तिला. खाट हालत हुती. लघवी तांबडी झाली. तवाच्या डाक्टरनं कायतरी लिवून घेतलं हुतं मिशीनमदी. म्हनला, आता काळजी नको, पुढच्या टायमाला मिशीनच सांगंल." तो माझ्याकडं बघत राहिला. "सांगंल न्हवं?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आत आले आणि पुन्हा स्क्रीनसमोर बसले.

माझ्याकडं एक उपाय होता. रिपेअरची एक आज्ञा असते. ती चालवली की डेटाबेस खराब पानं बाजूला टाकतो आणि उरलेल्यावर चालू राहतो. बाजूला टाकलेल्या पानांवर जे असेल ते जातं. पण चांगलं तरी वाचेल, रोजचं काम तरी टिकेल, कदाचित पारूबाईंची नोंद खराब पानाच्या शेजारच्या पानावर असेल. भीतीनं माणूस असा विचार करतो. काहीतरी करायचं असतं त्याला. मी आज्ञा टाइप केली. एंटर तेवढा राहिला होता.

तेव्हा माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"विजया मॅडम? मी सतीश. मघाशी बोललो."

मराठी ऐकून मी चमकले. मराठवाड्याकडचा हेल होता.

"बोला."

"हा फोन मी केलेलाच नाही असं समजा. माझा स्वतःचा नंबर आहे, नंतर काढून टाका. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बोलायलोय. तुम्ही रिपेअर चालवलं का?"

"चालवणार होते. आत्ता."

"नका चालवू. हात काढा कीबोर्डवरनं."

मी खरंच हात काढून मांडीवर ठेवले.

"तुमचा अहवाल मी पुन्हा बघितला. पानं अशी नीट तुकड्यातुकड्यांनी खराब होतायत. हे डेटाबेसचं काम वाटत नाही मला. खालची जमीनच खचायलीय. डेटाबेस म्हणतो लिही, खालून उत्तर येतं लिहिलं, आणि प्रत्यक्षात लिहिलेलंच नाही. इतक्यात लाइट गेली होती का तुमच्याकडं?"

"गेली होती. जनरेटर अडखळला होता."

"मग त्याच्या आधीचा बॅकअप घ्या. नंतरचे सगळे संशयित. रिपेअर म्हणजे त्याच खचत्या जमिनीवर अजून लिहिणं. दुसरी व्हर्च्युअल मशीन पण नको, ती पण तिथंच बसणार. डेटाबेस बंद करा, आहे तशी एक प्रत काढून ठेवा आणि वेगळ्या लोखंडावर जुना बॅकअप उभा करा. मग बदलांचे लॉग लावत लावत पुढं आणा. लॉग वेगळ्या डिस्कवर असतील ना?"

"वेगळ्या डब्यात आहेत."

"मग जमंल."

लॉग म्हणजे डेटाबेसची रोजनिशी. कुठलाही बदल पानावर जाण्याआधी तिथं उतरतो. जुनी चांगली प्रत घेऊन त्यावर ती रोजनिशी क्रमानं पुन्हा गिरवली, की आजची चांगली प्रत तयार होते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी माझं डोकं फक्त घाबरत होतं, विचार करत नव्हतं.

"सतीश, तुमचा अंदाज चुकला तर?"

"सपोर्टबाहेरच्या सिस्टीमवर सल्ला दिला म्हणून माझी नोकरी जाईल. तुमचं काय जाईल ते तुम्हाला ठाऊक. मलाही भीती वाटायलीय, मॅडम." मागून कुणाची तरी चाहूल आली असावी. फोन कटला.

डेटाबेस बंद करायचा म्हणजे अख्खं हॉस्पिटल आंधळं करायचं. मी मेडिकल सुपरिंटेंडेंटांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कंपनीनं तसं सांगितलंय का?"

काय उत्तर द्यायचं? तो फोन तर झालेलाच नव्हता. माझ्या पाठीशी ना करार होता, ना कंपनी, ना कुणाचा कागद.

"नाही सर. मी सांगतेय."

"उद्या काही झालं तर?"

"माझ्यावर येईल."

त्यांनी पलीकडं कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं. मग ते म्हणाले, "करा."

वॉर्डांना सांगितलं, आता सगळं कागदावर. मी डेटाबेस बंद केला. आमच्या खोलीतल्या सगळ्या फोनांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. इक्बालभाई दोन वॉर्डबॉयना घेऊन स्टोअरकडं धावले आणि तो जुना सर्व्हर स्ट्रेचरवर घालून घेऊन आले. कॉरिडॉरमधले नातेवाईक पेशंट येतोय समजून बाजूला झाले. त्यावर बोटभर धूळ होती. इक्बालभाईंनी ती फडक्यानं पुसली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढून परत बसवली आणि पुन्हा दाबलं. पंखे असे घोंघावले की मला रडूच यायचं राहिलं.

"हौ, जिता है अजून," इक्बालभाई म्हणाले.

लाइट जाण्याआधीचा बॅकअप उतरवायला सुरुवात केली. तो उतरेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. स्क्रीनवर एक रेघ सरकत असते आणि तुम्ही तिच्याकडं बघत असता. काचेच्या दारातून मला तो पांढरा फेटा दिसत होता. बिरूमामा तिथंच खाली बसले होते. रक्तपेढीतून दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी बिराजदार मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "बीपी खाली येतंय. तुमचं होत नसेल तर सांगा, मी जुळलेली पिशवी लावते."

"थोडं थांबा."

"किती?"

"मला माहीत नाही, मॅडम."

बॅकअप उतरला. मी पानं तपासली. एकही खराब नव्हतं. मग लॉग लावायला घेतले. एकामागून एक जात होते आणि मध्येच एका लॉगवर गाडी थांबली. फाइल सापडत नाही. रोजनिशीचं मधलं एक पान नसेल, तर त्याच्या पुढचं काहीच लावता येत नाही. इक्बालभाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, डब्यातली जागा संपली होती म्हणून मी काही फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. तिथं बघा." होती. लॉग पुढं सरकले.

डेटाबेस उघडला तसा मी पहिला शोध घेतला तो पारूबाईंचा. नोंद आली. पूर्ण. मी फोनवर ती अक्षर न् अक्षर वाचली. किड नावाच्या एका घटकाविरुद्धची अँटीबॉडी, आणि खाली इशारा.

पलीकडं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"मॅडम?"

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. पिशव्या हलवल्याचा आवाज आला, मग तपासणीसाठी थांबावं लागलं. शेवटी त्या फोनवर परत आल्या. "विजयाताई, जुळलेल्या पिशवीत तोच घटक आहे. मी ती हातात घेतली होती."

शहरातल्या दुसऱ्या रक्तपेढीतून योग्य रक्त आलं. पारूबाईंना ते चढलं, थंडी वाजली नाही, ऑपरेशनही झालं. घरी जाताना बिरूमामा आमच्या दारात आले, चप्पल काढून उभे राहिले आणि विचारलं, "ताई, तुमचं मिशीन बरं झालं का?" मी म्हटलं, झालं. "बरं झालं," म्हणाले आणि गेले.

मिशीन मात्र बरं झालं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. डेटाबेस त्या जुन्या लोखंडावरच चालवत ठेवला आणि कंपनीला कळवलं, की तुमच्या अटीप्रमाणे खऱ्या मशीनवर आणलंय. त्यांनी विचारलं, तिथं ती चूक येते का? नाही येत. मग ही आमची अडचण नाही, म्हणून त्यांनी तक्रार बंद केली. व्हर्च्युअलवाल्यांनी त्यांच्या नोंदी स्वच्छ असल्याचं पुन्हा कळवलं. स्टोरेजवाल्यांचा माणूस आला, लाइट गेली की लिहायचं राहिलेलं जपून ठेवणाऱ्या आतल्या एका बॅटरीकडं बघून म्हणाला, ही कमजोर झाली असेल, कदाचित म्हणूनच. ती बदलली. त्या 'कदाचित'च्या पलीकडं कुणीच गेलं नाही. पुढं डेटाबेस पुन्हा व्हर्च्युअलवर गेला, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज सकाळी पाणी पिण्याआधी मी पानं तपासत राहिले.

ट्रस्टनं कंपनीला एक कडक मेल पाठवला, आणीबाणीत आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणून. त्यावर कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा मला फोन आला. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, अशा वेळी लोक सहसा रिपेअर चालवतात. तुम्ही नाही चालवलं. लाइट जाण्याच्या आधीचा बॅकअप नेमका निवडलात. आमच्याकडच्या कुणी तक्रारीच्या बाहेर तुम्हाला सल्ला दिला होता का? आम्हाला ते गंभीरपणे घ्यावं लागतं."

"नाही."

"मग हे कुणी सुचवलं?"

"बरीच वर्षं हेच काम करतेय मी."

"म्हणजे आमच्या इंजिनिअरनं तुम्हाला कसलीच मदत केली नाही?"

हा प्रश्न असा येईल असं मला वाटलं नव्हतं. केली म्हणावं तर तो अडकणार. नाही केली म्हणावं तर त्याच्या नावापुढं काय लिहिलं जाईल?

"नाही," मी म्हटलं. "काहीच मदत केली नाही."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. त्यांनी आभार मानले.

पुढं कधी कंपनीला फोन लावायची वेळ आली, की मी सहज विचारल्यासारखं त्याचं नाव घ्यायची. एकदा कुणीतरी सांगितलं, तो आता या टीममध्ये नाही. बढती मिळून गेला की काढून टाकला, ते बोलणाऱ्याला माहीत नव्हतं. त्याचा नंबर मी त्या एप्रिलमधल्या दिवशीच, त्यानं सांगितल्याप्रमाणे, काढून टाकला होता. माझ्या त्या 'नाही'नं तो वाचला की त्याच 'नाही'नं त्याची नोकरी गेली, हे मला कुणालाच विचारता येत नाही. विचारायचं म्हटलं तर आधी तो फोन झाला होता हे सांगावं लागेल.